दाबाची चक्रवाढ

दोन टर्बो एकामागे एक जोडलेले डिझेल इंजिन पूर्ण लोडवर चालू आहे. मोठ्या टर्बोतून निघून लहान टर्बोकडे जाणाऱ्या पाइपवरचा गेज 1.4 केजी दाखवतो आणि लहान टर्बोतून मॅनिफोल्डकडे जाणाऱ्या पाइपवरचा गेज 4.2 केजी. (आपल्याकडे गॅरेजमध्ये दाब केजीत बोलतात, म्हणजे चौरस सेंटिमीटरला किलोग्रॅम. तो बारच्या इतका जवळ आहे की या प्रस्तावनेत दोन्ही एकच धरले तरी बिघडत नाही.) आता यांतला कोणता टर्बो जास्त राबतो आहे? बहुतेक ठिकाणी उत्तर येईल की लहान. मोठ्याने 1.4 दिले, वरचे 2.8 लहानाने दिले, म्हणजे लहानावर दुप्पट बोजा पडला. मग लहान टर्बो बदलून जरा मोठा बसवावा, असा सल्लाही पाठोपाठ येतो. हिशेब वजाबाकीचा असल्याने तो बरोबर वाटतो. पण टर्बोचा कॉम्प्रेसर वजाबाकी करत नाही. तोंडाशी आलेल्या हवेचा दाब तो अमुक पटीने वाढवतो. त्यामुळे त्याच्यावरचा बोजा मोजायचा तर बाहेरचा दाब भागिले आतला दाब असा भागाकार करावा लागतो, आणि तोही गेजवरच्या आकड्याचा नव्हे, निरपेक्ष दाबाचा. गेजचा शून्य म्हणजे वातावरणाचा दाब, म्हणून दोन्ही आकड्यांत आधी 1 मिळवायचा. मोठ्या टर्बोने 1 चे 2.4 केले, लहानाने 2.4 चे 5.2 केले. मोठ्याचे गुणोत्तर 2.4, लहानाचे 5.2 भागिले 2.4, म्हणजे सुमारे 2.17. ज्याच्यावर दुप्पट बोजा आहे असे आपण म्हणत होतो, तो मोठ्यापेक्षा हलकेच काम करतो आहे.

या पुस्तकाचा सगळा डोलारा या एका भागाकारावर उभा आहे. कंपाउंड, म्हणजे एकामागे एक टर्बोंच्या मांडणीत टप्प्यांची गुणोत्तरे एकमेकांनी गुणली जातात. त्यांची बेरीज होत नाही. सरळ व्याज आणि चक्रवाढ व्याज यांत जो फरक, तोच इथे आहे: दुसऱ्या टप्प्याला मुद्दल म्हणून पहिल्या टप्प्याचा वाढलेला दाब मिळतो. एकेकटे बसवले तर 1 केजी बूस्ट देणारे दोन टर्बो एकामागे एक लावले की गेजवर 2 यावेत असे वाटते. प्रत्यक्षात दुप्पट गुणिले दुप्पट म्हणजे चौपट, गेजवर 3. वरचा 1 केजी कुठून आला असे विचारले तर उत्तर असे की तो कुठून आलेला नाही, त्याची किंमत दोन्ही टर्बाइननी एक्झॉस्टमधून मोजली आहे. त्या किमतीकडे नंतर येतो. आधी एवढे मनात पक्के व्हावे की गेजवरचा बूस्ट हा आकडा दोन टर्बोंच्या इंजिनाबद्दल एकट्याने जवळपास काहीच सांगत नाही.

आकडेमोड करायची तर ती कुठल्या गावची, हेही ठरवले पाहिजे, कारण भागाकारातला छेद म्हणजे त्या गावची हवा. मी तिरुविसनल्लूर धरले आहे. कुंभकोणमजवळचे हे गाव इतिहास वाचणाऱ्या मराठी माणसाला तंजावरच्या शहाजीराजांमुळे ठाऊक असते; 1693 साली त्यांनी ते पंडितांना अग्रहार म्हणून दिले आणि त्याला शहाजीराजपुरम हे नाव मिळाले. टर्बोला त्या विद्वत्सभेशी कर्तव्य नाही, गावाच्या उंचीशी आहे. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातली ही सपाट जमीन समुद्रसपाटीपासून फारशी वर नाही, त्यामुळे हवेचा दाब सुमारे 1.01 बार, आणि हवा बाराही महिने गरम, म्हणून तापमान 32 अंश धरणे अवास्तव होत नाही. पुणे साधारण 560 मीटर उंचीवर आहे, तिथे दाब सुमारे 0.95 बार. दोन्हीकडे एकाच इंजिनाच्या गेजवर 2 केजी दिसले, तर तिरुविसनल्लूरच्या टर्बोचे गुणोत्तर 2.98 असते आणि पुण्यातल्याचे 3.1. सपाटीवर सुखाने चालणारी मांडणी देशावर जरा जास्त फिरते, आणि खारदुंग ला येथे, जिथे हवेचा दाब जेमतेम अर्धा बार उरतो, तीच 3 बारची निरपेक्ष मागणी पुरी करायला 6 चे गुणोत्तर लागते. गेज पाहून टर्बोचे आरोग्य ठरवणाऱ्याला हा फरक दिसतच नाही, कारण गेजचा शून्यसुद्धा गाडीबरोबर घाट चढत असतो.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो वाजवी आहे. दाबच वाढवायचा तर एकच टर्बो मोठा आणि वेगवान का करू नये? दोन शाफ्ट, दोन तेलाच्या लाइनी, दुप्पट पाइप, दुप्पट गळतीच्या जागा हे सगळे कशासाठी? याचे उत्तर कॉम्प्रेसरच्या चाकात आहे. हवेला दिलेली ऊर्जा चाकाच्या कडेच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. दाब दुप्पट करायला कडेचा वेग सेकंदाला साधारण 350 मीटर पुरतो. एका दमात चौपट करायचा तर तो 540 मीटरच्या घरात न्यावा लागतो. चाकाच्या धातूवर येणारा ताणही वेगाच्या वर्गानेच वाढतो, म्हणजे जवळजवळ अडीचपट होतो, आणि तोही नेमका हवा तापलेली असताना, जेव्हा अ‍ॅल्युमिनियमची ताकद घटलेली असते. हे एकवेळ टायटॅनियम वापरून निभावेल. पण दुसरी अडचण धातू बदलून सुटत नाही. गुणोत्तर जसे वाढवावे तसा कॉम्प्रेसर ज्या हवेच्या प्रमाणात नीट चालतो तो पट्टा अरुंद होत जातो: हवा थोडी कमी झाली की सर्ज, थोडी जास्त झाली की चोक. जनरेटरसारखे एकाच वेगाने चालणारे इंजिन त्या अरुंद पट्ट्यात बसवता येते. रस्त्यावरचे किंवा शेतातले इंजिन कधी 1,200 फेऱ्यांवर ओढते, कधी 2,500 वर. त्याला रुंद पट्टा हवा. दोन टप्प्यांत प्रत्येक कॉम्प्रेसरला 2 ते 2.5 एवढेच गुणोत्तर द्यावे लागते, तिथे पट्टा ऐसपैस असतो आणि कार्यक्षमताही शिखरावर असते.

तापमानाचा हिशेब मांडला की हा मुद्दा पैशापाण्याच्या भाषेत येतो. 32 अंशांची हवा एकाच टर्बोने चौपट दाबली आणि त्या टोकाला कॉम्प्रेसरची कार्यक्षमता 70 टक्के धरली, तर हवा सुमारे 244 अंशांवर बाहेर येते. तेच काम दोन टप्प्यांत, दर टप्प्याला दुप्पट आणि कार्यक्षमता 76 टक्के धरून केले, तर पहिल्या टप्प्यानंतर हवा 120 अंशांवर असते. मध्ये इंटरकूलर नसेल तर दुसऱ्या टप्प्यानंतर ती 233 अंशांवर पोहोचते. इथे थांबून एक कबुली द्यायला हवी: 244 आणि 233 यांत फार मोठे अंतर नाही. दोन टर्बो लावले की हवा आपोआप थंड राहते असे जे सांगितले जाते ते खरे नाही. दुसऱ्या टर्बोला गरम हवा दाबावी लागते आणि गरम हवा दाबायला काम जास्त पडते. मध्ये इंटरकूलर घालून हवा 60 अंशांवर आणली, तर मात्र दुसऱ्या टप्प्यानंतर ती 156 वर थांबते आणि दोन्ही टप्प्यांचे मिळून काम एका टर्बोच्या मानाने सुमारे 13 टक्क्यांनी कमी होते. कंपाउंडचा फायदा ज्याला पुरा हवा त्याला मधल्या कूलरची जागा काढावीच लागते. बॉनेटखाली ती नसते, म्हणून गाड्यांत तो सहसा गाळला जातो. जहाजांच्या आणि वीजघरांच्या इंजिनांत पाण्यावर चालणारा असतोच.

इंजिनाला दाबाची भूक नसते, हवेच्या वजनाची असते, हेही याच आकड्यांतून दिसते. चौपट दाबाची 244 अंशांची हवा बाहेरच्या हवेपेक्षा केवळ 2.36 पट घन असते. तीच मॅनिफोल्डच्या आधी 60 अंशांवर आणली तर 3.66 पट. दोन्ही वेळा गेज 3 केजीच दाखवणार. उलटही घडते. इंजिनाचे हेड सुधारले, व्हॉल्व्ह मोठे केले, की हवा सिलिंडरमध्ये सहज शिरते, मॅनिफोल्डमध्ये साचत नाही. गेजवरचा बूस्ट उतरतो आणि ताकद वाढते. बूस्ट हा टर्बो काय देतो आणि इंजिन काय गिळते यांच्यातला तोल आहे. बूस्ट वाढला म्हणून खूश व्हायचे की अडथळा कुठे वाढला ते शोधायचे, हे केवळ त्या सुईवरून ठरत नाही.

दुसरा आक्षेप अनुभवी मेकॅनिककडून येतो आणि त्याचे उत्तर मला या विषयातले सर्वांत देखणे वाटते. लहान टर्बोच्या कॉम्प्रेसरचे तोंड लहान. मोठ्या टर्बोची सगळी हवा त्यातून जाणार कशी? तो गळा आवळणार नाही का? सेकंदाला अर्धा किलो हवा जाते असे धरू. तिरुविसनल्लूरच्या 32 अंशांच्या हवेत अर्धा किलो म्हणजे सुमारे 0.43 घनमीटर. मोठ्या टर्बोला एवढे आकारमान गिळावे लागते. दुप्पट दाबून, 60 अंशांपर्यंत थंड करून तीच हवा लहान टर्बोच्या तोंडाशी येते तेव्हा तिचे आकारमान 0.24 घनमीटर उरलेले असते. कॉम्प्रेसरच्या पात्यांना वजन कळत नाही, कळतो तो हवेचा वेग, आणि वेग आकारमानावर ठरतो. जो लहान टर्बो एकट्याने खुल्या हवेत सेकंदाला 0.27 किलोच्या आसपास चोक झाला असता, तो दाबलेली हवा मिळाल्यामुळे अर्धा किलो पार करतो. म्हणून टर्बो निवडताना कंपनीच्या नकाशावर सरळ किलोचा आकडा शोधायचा नसतो. आधी दाब आणि तापमान यांनुसार तो आकडा दुरुस्त करून घ्यायचा. दुसऱ्या टप्प्याच्या निवडीत होणाऱ्या बहुतेक चुका ही दुरुस्ती न केल्याने होतात आणि टर्बो गरजेपेक्षा मोठा घेतला जातो. मग खालच्या फेऱ्यांवर इंजिन सुस्त राहते आणि दोष कंपाउंड पद्धतीवर येतो.

आता किंमत. एक्झॉस्टमधली ऊर्जा फुकट असते हे वाक्य टर्बोच्या जाहिरातींइतकेच जुने असेल. टर्बाइन फिरवायला गरम वायू एका दाबावरून दुसऱ्या दाबावर उतरावा लागतो, आणि तो वरचा दाब पिस्टनला ढकलून तयार करावा लागतो. इथेही गुणाकारच चालतो. लहान टर्बाइनवर वायू 4.5 बारवरून 2.2 वर उतरला आणि मोठ्या टर्बाइनवर 2.2 वरून 1.05 वर, तर दोन्ही टर्बाइनना जवळपास सारखे उतार मिळाले. मॅनिफोल्डमध्ये हवेचा दाब 4 आणि एक्झॉस्टचा 4.5 असेल तर पिस्टन दर फेरीला थोडे पंपाचे काम करतो. ते सोसण्यासारखे आहे. एक्झॉस्टचा दाब 7 किंवा 8 वर गेला आणि हवेचा 4 वरच राहिला, तर टर्बो इंजिनाच्या जिवावर जगतो आहे असे समजावे. वायू जितका गरम आणि टर्बो जितके कार्यक्षम तितका हा फरक कमी होतो. उत्तम जुळणीत हवेचा दाब एक्झॉस्टच्या वरही ठेवता येतो, म्हणजे हवा आत येताना पिस्टनला थोडी मदतच करते. मॅनिफोल्डपाशी एक्झॉस्टचा दाब मोजणारा गेज बसवल्याशिवाय यातले काहीच दिसत नाही, आणि तो गेज बसवलेला फार क्वचित आढळतो.

दोन टर्बाइनमध्ये हा उतार कसा वाटला जातो, हा विषयाचा गाभा आहे. इंजिन हळू चालत असताना वायू थोडा असतो. मोठ्या टर्बाइनच्या रुंद तोंडातून तो जवळजवळ अडथळ्याविना निघून जातो, म्हणून तिथे दाब साचत नाही आणि मोठा टर्बो नावापुरता फिरतो. सगळा उतार लहान टर्बाइनवर येतो, आणि ती लहान असल्यामुळे चटकन वेग घेते. वायू वाढला की मोठ्या टर्बाइनसमोर दाब साचू लागतो, तिचा वाटा वाढतो आणि मोठ्या कॉम्प्रेसरची दाबलेली हवा लहानाकडे जाऊ लागते; गुणाकार खऱ्या अर्थाने इथून सुरू होतो. आणखी वर गेल्यावर लहान टर्बाइन गळा आवळू लागते, तेव्हा तिच्या वेस्टगेटचे काम येते. हा वेस्टगेट वायू साइलेन्सरकडे सोडत नाही, मोठ्या टर्बाइनच्या तोंडाशी सोडतो. परिणाम पहिल्यांदा पाहणाऱ्याला चक्रावून टाकणारा असतो: वेस्टगेट उघडला तरी बूस्ट पडत नाही, कधी वाढतोही. लहान टर्बोचे गुणोत्तर 2.3 वरून 1.9 वर आले, पण वळवलेल्या गरम वायूने मोठ्याचे 2.1 वरून 2.6 वर नेले, तर गुणाकार 4.83 वरून 4.94 होतो. एकट्या टर्बोवर काम करून ज्यांचा हात बसला आहे त्यांना वेस्टगेट म्हणजे बूस्ट कमी करण्याची कळ वाटते. इथे ती दोन टप्प्यांतली वाटणी बदलण्याची कळ आहे. एकूण बूस्टवर लगाम घालायचा तर मोठ्या टर्बाइनला वेगळा वेस्टगेट द्यावा लागतो.

गुणाकार नफ्याइतक्याच निष्ठेने तोट्यालाही लागू होतो. धुळीने भरलेल्या एअर फिल्टरमध्ये 0.05 बार हरवला, तर चौपट करणाऱ्या मांडणीत मॅनिफोल्डपाशी 0.2 बार कमी पडतो. दोन टर्बोंमधल्या कूलरने 0.1 बार खाल्ला, तर 2 चे 1.9 झाले आणि शेवटी 4 ऐवजी 3.8 आले. साइलेन्सरकडेही तेच: मोठ्या टर्बाइनच्या मागे 0.1 बारचा अडथळा वाढला की तेवढेच उतार टिकवायला मॅनिफोल्डमध्ये चार दशांशांहून जास्त दाब चढतो. मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात खडी केंद्रावर किंवा नांगरटीला चालणाऱ्या इंजिनाचा फिल्टर ही म्हणूनच कंपाउंड मांडणीतली सर्वांत महागडी स्वस्त वस्तू आहे.

हे सगळे कागदावरचे गणित आहे का, असा प्रश्न असेल तर त्याचे उत्तर महाराष्ट्राच्या आकाशात दीड दशकाहून अधिक काळ घिरट्या घालत होते. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याने एक्झॉस्टच्या ऊर्जेवर हवा दाबण्याच्या कल्पनेचे पेटंट 1905 साली घेतले. पण ती सिद्ध झाली ती उंचीवर. 1918 मध्ये अमेरिकी अभियंता सॅनफर्ड मॉस याने लिबर्टी विमान-इंजिन कोलोरॅडोतल्या पाइक्स पीकवर, सुमारे 4,300 मीटरवर, नेऊन चालवले. खाली 350 अश्वशक्ती देणारे ते इंजिन वर 230 वर आले आणि टर्बो लावताच 356 वर गेले. दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकी बॉम्बफेकी विमानांनी यापुढची पायरी गाठली. बी-24 लिबरेटरच्या प्रत्येक प्रॅट अँड व्हिटनी इंजिनात गिअरवर फिरणारा एक कॉम्प्रेसर अंगचाच होता. त्याच्या आधी जनरल इलेक्ट्रिकचा एक्झॉस्टवरचा टर्बो आणि मध्ये इंटरकूलर. 7,600 मीटर उंचीवर हवेचा दाब 0.38 बारच्या आसपास असतो. टर्बो तो समुद्रसपाटीइतका, म्हणजे 2.7 पट करी, आणि गिअरवरचा कॉम्प्रेसर त्यापुढे दीडपट. एकूण चौपटीच्या घरात. युद्धानंतर कानपूरला टाकून दिलेली ही विमाने बेंगळुरूच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टने पुन्हा उडती केली आणि भारतीय हवाई दलाने ती 1968 पर्यंत वापरली. पुण्याचा लोहगाव तळ हे त्यांचे एक घर होते. एक टप्पा गिअरचा, एक एक्झॉस्टचा, म्हणून शुद्धतावादी त्याला कंपाउंड टर्बो म्हणणार नाहीत. हवेला मात्र ढकलणारा शाफ्ट कोण फिरवतो याचे सोयरसुतक नसते. गुणाकार तोच राहतो.

सर्वांत भारी आक्षेप व्यवहाराचा आहे, आणि तो खोडून काढण्यापेक्षा मान्य करणे बरे: बहुतेक इंजिनांना दुसरा टर्बो लागत नाही. याचा पुरावा भारतीय रेल्वेने दिला आहे. 1962 मध्ये अमेरिकेतून आलेल्या आणि 1964 पासून वाराणसीत बनू लागलेल्या डब्ल्यूडीएम-2 लोकोमध्ये आल्कोचे 16 सिलिंडरचे, सुमारे 175 लिटरचे इंजिन होते, ताकद 2,600 अश्वशक्ती. याच इंजिनाच्या डब्ल्यूडीएम-3ए मध्ये ती 3,100 झाली आणि डब्ल्यूडीएम-3डी मध्ये 3,300. सिलिंडर तेवढेच, त्यांचा आकार तोच. बदलत गेले ते टर्बो, थंड करण्याची व्यवस्था आणि इंधनाचा पुरवठा. सुमारे 27 टक्क्यांची ही वाढ एका टप्प्यावरच मिळाली. कुंभकोणमवरून जाणाऱ्या तंजावरच्या मार्गावर मीटरगेजच्या काळात याच घराण्यातले सहा सिलिंडरचे इंजिन वायडीएम-4 लोकोत धावत होते, त्यालाही एकच टर्बो. लोको ठरलेल्या नॉचवर, ठरलेल्या फेऱ्यांवर चालतो. त्याला रुंद पट्टा नको असतो, आणि शेडमध्ये उघडायला सोपे यंत्र हवे असते. तिथे दुसरा टर्बो घालणे म्हणजे नसत्या कामाला निमंत्रण. पाती हलवून तोंड लहानमोठे करणाऱ्या टर्बोने तर मधल्या बऱ्याच इंजिनांची गरज आणखी दूर ढकलली आहे.

दुसरा टर्बो कुठे वसूल होतो हे चाकणला पाहायला मिळाले. मर्सिडीज-बेंझच्या तिथल्या कारखान्यात जुळणी झालेल्या ई 250 सीडीआयमध्ये ओएम651 हे 2,143 सीसीचे डिझेल इंजिन होते: चार सिलिंडर, 204 अश्वशक्ती आणि 1,600 फेऱ्यांपासून 500 न्यूटन-मीटर टॉर्क. त्याच्या दोन टर्बोंपैकी लहान खालच्या फेऱ्यांवर काम उचलतो, मध्ये दोघे मिळून गुणाकार करतात आणि वरच्या फेऱ्यांवर झडपा लहानाला बाजूला करून सगळे काम मोठ्यावर सोपवतात. दोन लिटरच्या इंजिनाकडून तीन लिटरचे काम इतक्या कमी फेऱ्यांवर करून घेणे त्या काळात एका टर्बोला जमणारे नव्हते. हेतूतला फरक लक्षात घ्यावा. लिबरेटरला गुणाकार हवा होता तो कमाल दाबासाठी. या गाडीला हवा होता तो दाब लवकर यावा आणि शेवटपर्यंत टिकावा म्हणून. पाइपांची मांडणी सारखी दिसली तरी टर्बोंच्या आकारांचे प्रमाण, झडपांच्या जागा आणि कोणत्या फेऱ्यांवर कोणाचा वाटा किती, हे सगळे हेतूवरून ठरते. दोन सारखे टर्बो शेजारी शेजारी लावून प्रत्येकाला अर्धे सिलिंडर देण्याची तिसरीच पद्धत आहे. तिथे हवा वाढते, गुणोत्तर गुणले जात नाही, आणि ती या पुस्तकाच्या कक्षेबाहेर आहे.

एक मर्यादा मात्र टर्बोच्या निवडीने हटत नाही. 16 ला 1 दाबणाऱ्या डिझेल सिलिंडरमध्ये 1 बारची हवा घेतली तर पिस्टन वर पोहोचेपर्यंत, इंधन पेटण्याआधीच, दाब 42 बारच्या आसपास जातो. तिथे 4 बारची हवा घातली तर 169. त्यावर ज्वलनाचा दाब चढणार. हेड गॅस्केट, हेडचे स्टड, बेअरिंग यांनी हा गुणाकार सोसायचा असतो. म्हणून ज्या इंजिनांत दोन टप्प्यांचा पुरेपूर वापर होतो तिथे सिलिंडरमधली दाबणी मुद्दाम कमी ठेवतात, किंवा आत येणारा व्हॉल्व्ह वेळेआधी मिटवून तीच गोष्ट साधतात. 2015 मध्ये आलेल्या आणि सर्वांत कार्यक्षम चार-स्ट्रोक डिझेल म्हणून गिनेसने नोंदवलेल्या वॉर्टसिला 31 इंजिनाचे मर्म यात आहे: हवा दाबण्याचे काम सिलिंडरमधून काढून दोन टर्बो आणि त्यांच्यामधल्या कूलरकडे द्यायचे. पिस्टन हवा दाबतो तेव्हा ती थंड करायची सोय नसते. टर्बोंच्या मध्ये असते. जुन्या इंजिनावर नुसते दोन टर्बो लटकवून 4 केजी बूस्टची फुशारकी मारणाऱ्याचा गॅस्केट का उडतो, याचेही उत्तर सिलिंडरमधल्या याच गुणाकारात आहे.

पुढची प्रकरणे वाचताना वाचकाने तीन गेज डोळ्यांपुढे ठेवावेत: दोन टर्बोंच्या मधला, मॅनिफोल्डचा आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्डचा, आणि चौथा आकडा त्या दिवशीच्या, त्या गावच्या हवेच्या दाबाचा. प्रत्येक उदाहरणात हे चार आकडे दिले आहेत आणि गुणोत्तरे वाचकाने स्वतः काढायची आहेत. पहिल्या प्रकरणातले उदाहरण सहा सिलिंडरच्या इंजिनाचे आहे: मधला गेज 0.9, मॅनिफोल्डचा 3.1, एक्झॉस्टचा 5.4, आणि हवा पुण्याची, 0.95 बार. त्यात लहान टर्बोचे गुणोत्तर मोठ्यापेक्षा थोडे जास्त येते, पण दोष तिथे नाही. मॅनिफोल्डची हवा 4.05 बारवर असताना एक्झॉस्ट 6.35 बारवर का पोहोचला, तो अडथळा लहान टर्बाइनच्या तोंडाशी आहे की मोठ्याच्या मागे साइलेन्सरमध्ये, आणि ते ओळखायला आणखी एक गेज नेमका कुठे बसवायचा, इथून ते प्रकरण सुरू होते.